द्विरुक्त नोंदींचे निरसन
संगणकीय माहितीसंग्रहातील एकाच व्यक्तीविषयीच्या वा वस्तूविषयीच्या एकाहून अधिक नोंदी शोधून त्यांपैकी एकच राखण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. मतदारयाद्या, रुग्णालयांची दप्तरे, ग्रंथालयांच्या तालिका इ. एकत्र करताना तिची गरज भासते.

प्रत्येक नोंद इतर सर्व नोंदींशी ताडून पाहणे ही सर्वांत सोपी, परंतु अव्यवहार्य रीत होय. १० लाख नोंदींसाठी अशा सु. ५०,००० कोटी तुलना कराव्या लागतात. नोंदी आधी क्रमवार लावल्यास समान नोंदी शेजारी येतात. या क्रमरचनेस सु. २ कोटी तुलना पुरतात. संग्रह मुख्य स्मृतीत मावत नसल्यास त्याचे भाग पाडून प्रत्येक भाग क्रमवार लावतात आणि मग ते एकमेकांत मिसळतात. मिसळणीची ही पद्धत जॉन फोन नॉयमान यांनी १९४५ मध्ये मांडली.

दुसऱ्या रीतीत प्रत्येक नोंदीवरून गणिती सूत्राने लहान संकेतांक काढतात व त्यानुसार संग्रहाचे विभाग पाडतात. समान नोंदी एकाच विभागात पडत असल्याने प्रत्येक विभाग स्वतंत्रपणे तपासता येतो. भिन्न नोंदींचाही संकेतांक क्वचित एकच येतो. म्हणून तो जुळल्यावर मूळ नोंदी ताडणे आवश्यक असते. बर्टन ब्लूम यांची चाळणी (१९७०) अत्यल्प स्मृती वापरून नोंद पूर्वी आलेली नाही, हे निश्चित सांगते. मात्र ‘आलेली आहे’ हा तिचा निर्वाळा चुकू शकतो. नोंदीमागे सु. १० बिट वापरल्यास नव्या नोंदींबाबत हे प्रमाण सु. १ टक्का असते.

अक्षरशः समान नसलेल्या नोंदींचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘कुलकर्णी’ व ‘कुळकर्णी’ ही एकाच व्यक्तीची आडनावे असू शकतात, तर नाव व जन्मतारीख जुळूनही व्यक्ती भिन्न असू शकतात. इव्हान फेलेगी व ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये अशा साम्य-भेदांना संभाव्यतेनुसार भार देण्याची उपपत्ती मांडली. तीत संदिग्ध जोड्या मानवी तपासणीसाठी राखून ठेवतात. भारतातील ‘आधार’ योजनेत त्यासाठी बोटांचे ठसे व बुबुळांच्या प्रतिमा वापरतात. या योजनेतील पहिले क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले.

द्विरुक्ती सुटल्यास एक व्यक्ती दोनदा मोजली जाते. दोन व्यक्ती एक मानल्यास त्यांतील एक यादीतून नाहीशी होते व तिचा हक्क बुडू शकतो. यास्तव गाळलेल्या नोंदी नष्ट न करता कारणासह जपून ठेवणे इष्ट ठरते.