'खंड' नावाची वर्षे : उशिरा डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांविषयी

वैद्यकीय प्रवेशासाठी जी कागदपत्रे गोळा करावी लागतात, त्यांत बहुतेक ठिकाणी एक प्रतिज्ञापत्र मागितले जाते. बारावीनंतर सलग शिक्षण झाले नसेल, तर मधल्या वर्षांत काय केले ते त्यात लिहून द्यायचे. बोलीभाषेत त्याला 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. नीटची तयारी करत एक वर्ष घरी बसलेल्या मुलासाठी 'गॅप', म्हणजे खंड, हा शब्द ठीकच आहे. पण दहा वर्षे औषधांच्या दुकानात, प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात काम केलेल्या माणसालाही तोच कागद करावा लागतो आणि त्याच्या दहा वर्षांचेही नाव खंडच.

मी डॉक्टर नाही, शिक्षणतज्ज्ञही नाही. नियमावल्या, राजपत्रे आणि निकालपत्रे वाचण्याची सवय मला वीसेक वर्षांपासून जडली आहे. व्यवसाय बदलून डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांचा प्रश्न त्याच वाचनातून हाती लागला.

आपल्याकडे कमाल वयाची अट नियमावलीत घातली गेली ती जानेवारी २०१८ च्या दुरुस्तीने : खुल्या प्रवर्गाला २५ वर्षे, राखीव प्रवर्गाला ३०. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या वयाच्या उमेदवारांना, अंतिम निकालाच्या अधीन राहून, अर्ज भरू दिला. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्याचे ठरवले आणि २०२२ च्या नीटपासून ती गेली. मधल्या काळात, २०२० साली, ओडिशातले एक ६४ वर्षांचे निवृत्त बँक अधिकारी बुर्ल्याच्या शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला दाखल झाले होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी नवलाची म्हणून छापली. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने आणखी एक अडसर दूर केला. बारावीला जीवशास्त्र नसेल, तर ते नंतर मान्यताप्राप्त मंडळातून अतिरिक्त विषय म्हणून देता येते. इंजिनिअर झालेल्यांना याचा खरा उपयोग.

नियम असे सैल झाले, परीक्षा मात्र सतरा वर्षांच्या मुलाच्या मापाचीच राहिली. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे, आणि सगळे अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून. (वय उमेदवाराच्या बाजूने मोजले गेल्याचे एकच उदाहरण मला ठाऊक आहे : २०२० मध्ये दोघांना ७२० पैकी ७२० पडले, तेव्हा वयाने मोठ्याला पहिला क्रमांक दिला गेला!)

माझ्या परिचयाची एक परिचारिका आहे, वय ३३. अकरा वर्षे शस्त्रक्रिया विभागात काढलेली. ड्रेसिंग सोडताना येणाऱ्या वासावरून जखम बिघडत चालल्याचे तिला कळते. रात्रपाळी संपवून घरी आली की ती प्रकाशिकीची गणिते सोडवत बसते, कारण तिचे घोडे अडते ते भौतिकशास्त्रात. जखमेच्या ज्ञानाला नीटमध्ये एकही गुण नाही. प्रतिज्ञापत्रात काय लिहावे, असे तिने फॉर्म भरून देणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, "घरगुती अडचण लिहा ताई, सगळे तेच लिहितात." ते तिला फार लागले.

तिने हे सांगितले तेव्हा मला सिसिली सॉन्डर्स आठवल्या. १९१८ साली जन्मलेल्या या इंग्रज बाई ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून युद्धकाळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले. मग पदवी पुरी करून त्या रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या. १९४८ च्या सुरुवातीला डेव्हिड टास्मा नावाचा, वॉर्सातून आलेला एक पोलिश ज्यू रुग्ण कर्करोगाने वारला. मरणासन्न माणसांसाठी वेगळे घर असावे, यावर दोघांचे पुष्कळ बोलणे झाले होते. त्या घराच्या एका खिडकीसाठी म्हणून तो ५०० पौंड मागे ठेवून गेला. बाई संध्याकाळी सेंट ल्यूक्स या मरणासन्नांच्या रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे वेदनाशामक औषध दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून, दुखण्याच्या आधीच दिले जाई. हे त्यांनी पाहून ठेवले.

या कामाला वाहून घ्यायचे तर आधी डॉक्टर व्हा, नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही, असे नॉर्मन बॅरेट या शल्यचिकित्सकाने त्यांना सुचवले. १९५१ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्या सेंट थॉमसच्याच वैद्यकीय शाळेत विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर. पुढे सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी ठरावीक वेळी दिलेल्या मॉर्फीनच्या परिणामांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. वेदना शरीराची असते तशीच मनाची, घरादाराची आणि श्रद्धेचीही असते, हा त्यांचा 'समग्र वेदने'चा विचार. तो परिचारिका आणि समाजसेविका म्हणून काढलेल्या वर्षांतूनच आला, असे माझे मत आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळ तिथून सुरू झाली, आणि भारतातले पहिले हॉस्पिस, 'शांती अवेदना', १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला निघाले.

आज अमेरिकेतल्या सामायिक वैद्यकीय प्रवेशअर्जात केलेली कामे आणि उपक्रम यांच्या १५ नोंदी करता येतात आणि त्यांतल्या तीन विशेष महत्त्वाच्या म्हणून सविस्तर मांडता येतात. विज्ञान न शिकलेल्या पदवीधरांसाठी पूर्वतयारीचे खास अभ्यासक्रम तिथल्या अनेक विद्यापीठांत आहेत. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत. पण तिथल्या मुलाखती आणि शिफारसपत्रे जशीच्या तशी इकडे आणावीत, असे मी म्हणणार नाही. देणग्या आणि वशिले यांचा आपला इतिहास पाहता, एकच लेखी परीक्षा ही गरिबाच्या मुलाला मोठा आधार आहे. माझे म्हणणे इतकेच की परिचारिका, औषधनिर्माते, फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी थोड्या जागा वेगळ्या ठेवाव्यात, त्यांची लेखी परीक्षा त्यांच्या कामाशी संबंधित विषयांवर घ्यावी आणि जे त्यांना आधीच येते ते पुन्हा शिकवण्यात वेळ घालवू नये. ही सवलत होत नाही. ज्या ज्ञानावर रुग्णालये आजही चालतात, त्याची मोजणी होते.

तोवर आहे त्या वाटेने जाणाऱ्यांनी हिशेब नीट मांडावा. एमबीबीएस साडेचार वर्षांचे, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. ३३ व्या वर्षी प्रवेश मिळाला तर डॉक्टर व्हायला ३९ वे लागते. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे निराळी. पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत आणि संपूर्ण अभ्यासक्रम नऊ वर्षांत पुरा व्हावा लागतो. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. राज्य कोट्यातल्या जागेसाठी अधिवासाबरोबर सर्वसाधारणपणे दहावी-बारावीही महाराष्ट्रातून झालेली लागते, हे बाहेरच्या राज्यात शिकलेल्यांनी आधी पाहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी गुणपत्रिकेवरचे आणि आधारवरचे नाव जुळते का ते तपासावे. जुळत नसेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच करून ठेवावी. प्रवेशफेरीचे दिवस मोजके असतात आणि तेव्हा रजा मिळत नाही. प्रतिज्ञापत्रात मात्र 'घरगुती अडचण' लिहू नये. कुठे, कोणत्या विभागात, किती वर्षे काम केले ते लिहावे आणि अनुभवाचा दाखला सोबत जोडावा, कोणी मागितला नसला तरी.