विंचवरचा आकडा पहिल्या थराचा असतो

अडकलेली गाडी ओढून काढायला विंच घेताना खोक्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. समजा आकडा ९,५०० पौंड, म्हणजे साधारण ४,३०० किलो आहे; ही ओढ ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना मिळते. थर चढले की घेर वाढतो आणि त्याच मोटरची ओढ घटते. चौथ्या थरावर जवळपास तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणून भरल्या गाडीच्या वजनाची दीडपट हा हिशेब मला पटतो: २,२०० किलोच्या जीपला किमान ३,३०० किलो. "मग सरळ १२,००० पौंडांचीच घ्यावी" असं कुणी म्हणेल. पण वजनदार विंच पुढच्या स्प्रिंगा दाबते. त्यापेक्षा स्नॅच ब्लॉक घ्या. झाडाला रुंद पट्टा, त्यात ही कप्पी, तिच्यातून दोर फिरवून गाडीच्याच हुकाला: ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा, शिवाय दोर जास्त उलगडल्याने खालचा ताकदवान थर कामाला येतो.