टॅबचं कुलूप, पण किल्ली कुणाच्या नावावर?

२०२० साली करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात घरोघर टॅब आले. कुणी कांद्याच्या पट्टीतून घेतला, कुणी उसाच्या बिलातून, कुणी दूध संघाच्या पगारातून. पुढं मुलं शाळेत परत गेली आणि टॅब ट्रंकेत नाहीतर देवळीत जाऊन पडला. आता कधीतरी गरज लागते, टॅब बाहेर निघतो, चार्जरला लागतो आणि पडद्यावर नऊ ठिपके उभे राहतात. नक्षी कोणती होती? पोराला आठवत नाही, सुनेला आठवत नाही, आणि ज्यानं ती घातली तो भाचा पुण्याला कामाला गेलेला.

आमच्या घरी हेच झालं. आमची आई २०२३ साली गेली. तिच्या जात्यावरच्या ओव्या पुतणीनं तिच्या टॅबवर भरून ठेवल्या होत्या, चांगल्या एकोणीस. वर्षश्राद्धाला पाहुण्यांना ऐकवू म्हणून टॅब काढला तर कुलूप. त्या ओव्यांचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी कामाचं बोलू, कारण घाईत आम्ही जी चूक केली ती आपण करू नये.

पहिली गोष्ट म्हणजे हे कुलूप काय प्रकारचं आहे ते समजून घ्या. ई-पीक पाहणीच्या ॲपात आपल्याला चार आकडी संकेतांक मिळतो. तो विसरला तरी आभाळ कोसळत नाही, कारण पाहणीची नोंद सरकारकडं आहे. एटीएमचा पिन विसरला तरी बँक नवा देते, पैसा बँकेत आहे. टॅबचं तसं नाही. त्याच्या आकड्यांची नक्कल कंपनीकडं नाही, दुकानदाराकडं नाही, कुणाकडंच नाही. शिवाय आजकालच्या टॅबमधला सगळा मजकूर गुप्त लिपीत साठवलेला असतो आणि ती लिपी उलगडायची किल्ली तुमच्या त्या आकड्यांशी जोडलेली असते. ट्रंकेचं कुलूप लोहाराकडून तोडून आणलं तर आतले कपडे जागेवर असतात. इथं कुलूप तोडलं की आतलं सगळं जातं. तेव्हा "डाटा तसाच ठेवून लॉक काढून देतो" असं नव्या टॅबबद्दल कुणी म्हणालं, तर त्याच्या हाती टॅब देऊ नका. इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘एका बटणात अनलॉक’ सॉफ्टवेअरचंही तेच. पैसे घेऊन बहुतेक वेळा ते टॅब पुसण्यापलीकडं काही करत नाही.

मग करायचं काय? आधी हात आवरा. अँड्रॉइड टॅबवर पाच वेळा चुकलं की अर्धा मिनिट थांबावं लागतं आणि चुका वाढत गेल्या की ही वेळही वाढत जाते. आयपॅड तर पुढं पुढं दारच बंद करतो. पोरं खेळ म्हणून बोटं फिरवत बसतात, त्यांच्या हातून टॅब काढून घ्या. आणि टॅब चालू असेल तर बंद करू नका, बॅटरी उतरू देऊ नका. याला कारण आहे. बोटाच्या ठशानं किंवा चेहऱ्यानं टॅब उघडत असेल, तर ती सोय टॅब बंद करून पुन्हा चालू केल्यावर मिळत नाही. मग आकडेच मागतो. ठशानं उघडला, तर सेटिंगमध्ये शिरून नवा पिन घालायच्या नादी लागू नका, कारण तिथं जुना पिन विचारतात. त्याऐवजी त्याच क्षणी फोटो, हिशेब, रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर नाहीतर दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या. मजकूर बाहेर आला की टॅब पुसला गेला तरी हरकत नाही. ज्यांच्या आयपॅडवर १७ किंवा त्यापुढची आवृत्ती आहे त्यांना आणखी एक सोय आहे: आकडे बदलून ७२ तास झाले नसतील तर जुने आकडे वापरून आत जाता येतं.

टॅबच्या बाजूला मेमरी कार्डाची खाच असते, ती उघडून बघा. कित्येकांचे फोटो कार्डावर असतात आणि त्यांना ते ठाऊक नसतं. कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. मग दुसऱ्याच फोनवरून टॅबमधलं गुगल खातं उघडा आणि गुगल फोटोजमध्ये काय काय जमा झालंय ते पाहा. एवढं झाल्यावरच टॅब पुसायचा विचार करायचा.

पुसायची रीत साधी आहे. टॅब बंद करून पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं की बऱ्याच कंपन्यांच्या टॅबवर एक काळा पडदा येतो आणि त्यावर टॅब कोरा करायचा पर्याय असतो. सॅमसंगच्या नव्या टॅबला त्या वेळी वायरनं कॉम्प्युटरला जोडावं लागतं. पण खरी अडचण त्यानंतर उभी राहते. २०१५ साली अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीपासून गुगलनं चोरांना आळा घालायला एक दुसरं कुलूप आणलं. टॅब असा बाहेरून कोरा केला की तो विचारतो, आधी या टॅबवर कुणाचं खातं होतं? तेच खातं आणि त्याचा पासवर्ड घाला. ॲपलच्या आयपॅडला असंच कुलूप २०१३ पासून आहे.

आता आठवा, टॅब घेतला त्या दिवशी काय झालं होतं. दुकानातल्या पोरानं विचारलं, "काका, ईमेल आहे का?" आपण म्हणालो, "आम्हाला कुठला बाबा ईमेल, तूच काय ते टाक." त्यानं टाकलं. पासवर्डही त्यानंच ठेवला आणि मोबाइल नंबर घातला आपल्या घरातल्या कुणाचा तरी, जो पुढं रिचार्जअभावी बंद पडला. जमीन आपल्या ताब्यात आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशातली ही गत! बंद पडलेला नंबर कंपन्या निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं २०२३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर तो कुणाच्याही हाती जाऊ शकतो, आणि मग तुमचा ओटीपी त्याच्या फोनवर. दुसरं असं की दोन वर्षं न वापरलेली खाती गुगल २०२३ च्या डिसेंबरपासून काढून टाकू लागलंय. म्हणजे ट्रंकेतल्या टॅबबरोबर खातंही मरतं.

खात्याचा पासवर्ड परत मिळवायचा असेल तर ते काम घरी बसून करा. जिथून आणि ज्या फोनवरून खातं नेहमी वापरलं जायचं तिथूनच. गुगल ओळखीची जागा आणि ओळखीचं यंत्र पाहतं. तालुक्याच्या सायबर कॅफेतून प्रयत्न केला तर संशय घेतं. आणि पासवर्ड नवा घातलात तर २४ तास थांबून मगच टॅब पुसा, अशी गुगलचीच सूचना आहे. खातं काही केल्या मिळालं नाही, तर कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायचं. ते खरेदीचं बिल मागतात. बिल बापाच्या नावावर, आधार पोराचं, असा घोळ असेल तर दोघंही जा.

जुना टॅब विकत घेणाऱ्यांनाही एक सांगणं. पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा. सिमचा टॅब असेल तर त्याचा १५ आकडी आयएमईआय नंबर ‘संचार साथी’वर तपासा. "हा नंबरच बदलून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आता थोडं गावकारभाऱ्यांसाठी. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या हाती टॅब आले, त्याचं कौतुक झालं. ‘महाज्योती’नं इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नीट, जेईई, सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले. ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत, शाळेत आता अशी यंत्रं आहेत. पण गुरुजींची बदली होते, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दुसऱ्या गावी जातात, आणि टॅबवरचं खातं त्यांच्या खासगी ईमेलचं निघतं. चार्ज देताना खुर्च्या मोजतात, कपाटाच्या किल्ल्या मोजतात, टॅबचा पासवर्ड कुणी विचारत नाही. तो चार्ज यादीत लिहिला पाहिजे, आणि खातं व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या नावानं हवं. कार्यालयाकडून आलेल्या टॅबवर बऱ्याचदा वरून ताबा ठेवणारी यंत्रणा असते. तिथल्या माणसाला दुरून कुलूप काढता येतं. म्हणून असा टॅब अडकला तर आधी वर कळवा, बटणं दाबून स्वतः पुसू नका.

पासवर्ड कुठं लिहू नका, असं जाणकार सांगतात. मला ते पटत नाही. शहरातल्या नोकरदाराला ते ठीक असेल. आपल्याकडं टॅब चोरामुळं जितके जातात त्याहून जास्त विसरण्यामुळं जातात, असं माझं पाहणं आहे. तेव्हा खातं, पासवर्ड, नक्षी आणि जोडलेला नंबर एका कागदावर लिहा आणि जिथं खरेदीखत, सातबारा ठेवता त्याच पिशवीत ठेवा. टॅबच्या पाठीवर मात्र चिकटवू नका, तसलेही महाभाग मी पाहिलेत.

तर आमचा टॅब. आम्ही घाई केली. तालुक्याच्या गावी एका दुकानात दिला, त्यानं ८०० रुपये घेऊन संध्याकाळपर्यंत कोरा केला आणि मग खात्यापाशी अडला. खातं कुणाचं? ज्या दुकानातून टॅब घेतला तिथं गेलो. तिथल्या पोरानं गल्ल्याखालून एक जाड वही काढली. शे-दीडशे गिऱ्हाइकांचे ईमेल आणि पासवर्ड ओळीनं लिहिलेले! आमचाही होता. घाबरावं की आभार मानावेत ते कळेना. टॅब उघडला, पासवर्ड तिथंच बदलला.

ओव्या तेवढ्या आल्या नाहीत. पुतणीनं सोळा नुसत्या आवाजात भरल्या होत्या आणि गुगल फोटोजमध्ये फोटो आणि व्हिडिओच जमा होतात, नुसता आवाज नाही. मेमरी कार्डाची खाच रिकामी होती. व्हिडिओतल्या तीन मिळाल्या. दोन पुतणीनं तेव्हाच मांडवगण फराट्याच्या मावशीला व्हॉट्सॲपवर धाडल्या होत्या, त्या तिच्या फोनात निघाल्या. बाकीच्यांतल्या काही मावशीला तोंडपाठ आहेत. म्हण म्हटलं तर ती म्हणते, आधी जातं आणा, नुसतं बसून नाही सुचत. आमचं जातं गोठ्यामागं पडलंय, त्याचा खुंटा तेवढा नवा बसवायचाय.