टपाल तिकिटांवरील खेळ आणि पोर्तुगीज सत्ता

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ हुतात्मा झाले. पुढे सातच वर्षांत याच सत्तेने आपल्या वसाहतींसाठी खेळांची रंगीत टपाल तिकिटे काढली. गोव्याचाही त्या मालिकेत समावेश होता. इतिहासाच्या अध्यापनात या तिकिटांचा उपयोग होऊ शकतो.

उज्जैन ज्या ग्वाल्हेर संस्थानात होते तेथे ब्रिटिश हिंदुस्थानची तिकिटे चालत. तिकिटावर ब्रिटिश राजाचा मुखवटा आणि त्यावर संस्थानाचे नाव छापलेले असे. मालक कोण, हे त्यात उघड होते. पोर्तुगालला १९५० नंतर असा उघडपणा परवडणारा नव्हता. १९५१ मध्ये त्याने वसाहतींना 'सागरापलीकडील प्रांत' असे नाव दिले. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्यासह हे सर्व प्रदेश स्वशासन नसलेले ठरविले, तरी आपल्याकडे वसाहती नाहीतच, हे लिस्बनचे उत्तर कायम होते.

१९६२ च्या आरंभीची क्रीडा मालिका या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. अंगोला, मोझांबिक, केप व्हर्डे, मकाव, तिमोर अशा दूरदूरच्या प्रदेशांना एकाच धर्तीची तिकिटे मिळाली, फक्त खेळ वेगवेगळे. राष्ट्र एक आणि त्याची तरुणाई मैदानावर आनंदात, असा त्याचा अर्थ. अंगोलाच्या तिकिटांवर विमानोड्डाण, नौकानयन, वॉटर पोलो होते. त्याच अंगोलात १९६१ च्या प्रारंभी सक्तीने कापूस पिकवावा लागणाऱ्या शेतकऱ्यांनी बंड केले होते आणि ते बळाने चिरडले गेले. कापसाचे अर्थकारण माळव्यातील विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विमानोड्डाण हा तेथे कोणाचा खेळ होता, एवढे विचारले तरी पुरे.

गोव्याच्या बाबतीत प्रचार उशिरा पोहोचला, किंबहुना पोहोचलाच नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २९ डिसेंबरपासून तेथे भारतीय तिकिटे सुरू झाली, जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंतच स्वीकारली गेली. पोर्तुगालने हातातून गेलेल्या प्रदेशाच्या नावाने तिकिटे काढणे मात्र चालूच ठेवले. गोव्याच्या एकाही टपाल कचेरीत ती विकली गेली नाहीत. म्हणून संग्राहक त्यांना खरी टपाल तिकिटे मानत नाहीत. त्यांवर पणजीचा शिक्का आढळल्यास तो बनावट समजावा.