कुस्तीचे बदलते नियम

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्यांत बोरी हें गांव आहे. बोरीसारख्या मराठवाड्यांतील कोणत्याहि गांवीं जत्रेच्या दिवशीं कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हां तेथें घड्याळाचें फारसें काम नसतें. हलगी कडाडत असते, नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन ऊन कलतां कलतां फड शेवटच्या मोठ्या कुस्तीवर येतो, आणि भोंवतीं बसलेल्या माणसांना एकच प्रश्न पडलेला असतो : पाठीला माती लागली कीं नाहीं ? लागली, तर कुस्ती निकाली झाली. न लागली, तर बराच वेळ खडाखडी झाल्यावर पंच दोघांचे हात वर धरून ती बरोबरींत सोडतात. नियमांचें पुस्तक म्हणून कांहीं असेलच, तर तें या एका प्रश्नांत संपतें.

याच फडांतील एखादा होतकरू मुलगा उद्यां आंतरराष्ट्रीय स्पर्धेस उतरला, तर मात्र त्याला दुसऱ्याच जगांत पाऊल टाकावें लागतें. तेथें माती नाहीं, गादी आहे. तास नाहीं, सहा मिनिटें आहेत. आणि पाठ न टेकतांहि तेथें कुस्ती हरतां येते. शिवाय हें जग स्थिर नाहीं. गेल्या वीस वर्षांत तेथले नियम इतके पालटले कीं, एका मल्लाच्या उमेदीच्या काळांतच त्याला आपली कुस्ती दोनदां नव्यानें शिकावी लागली असेल. हे बदल कां झाले, कसे झाले, आणि आपल्या घरच्या मुलामुलींशीं त्यांचा काय संबंध पोंचतो, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

जत्रेंतल्या कुस्तीला बरोबरी परवडते, स्पर्धेला परवडत नाहीं. एका वजनगटांत वीस मल्ल आले आणि सुवर्णपदक एकच असलें, तर प्रत्येक जोडीचा निकाल ठराविक वेळांत लागलाच पाहिजे. म्हणून प्रथम घड्याळ आलें, आणि घड्याळामागून गुण आले. पाठ टेकली नाहीं तर विजयी कोणाला म्हणावें, या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळीं जीं निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं, त्यांचा इतिहास म्हणजेच बहुतांशीं कुस्तीच्या नियमांचा इतिहास होय.

यांपैकीं एका जुन्या उत्तराशीं महाराष्ट्राचा फार जवळचा संबंध आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा दादासाहेब जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांची सारी घडण मातींतली होती. तरीहि त्यांनीं फ्लायवेट गटांत सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकी येथें ५७ किलोच्या बँटमवेट गटांत त्यांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. त्या काळीं दोषगुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्याला चीत केलें तर दोषगुण शून्य. नुसत्या पंचांच्या मतानें जिंकलें तर एक. आणि हरलें तर बहुधा तीन. पांच दोषगुण भरले कीं मल्ल स्पर्धेंतून बाद होई. या पद्धतींत एका पराभवानें सारें संपत नसे, आणि चीत करणाऱ्याला उघड लाभ होई. परंतु झुंजी मात्र अनेक कराव्या लागत. जपानचा शोहाची इशीई याच्याशीं झालेल्या दीर्घ झुंजीनंतर खाशाबांना पुरेशी विश्रांति न मिळतां सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव याच्याशीं लढण्यास उभें राहावें लागलें. दोन झुंजींत अर्ध्या तासाचें अंतर असावें असा नियम होता; पण तो तेथें बजावून सांगण्यास भारताचा कोणी अधिकारी त्या क्षणीं हजर नव्हता, असें सांगतात. नियम जाणणें हाहि बळाचाच एक भाग आहे, हा धडा आपल्या पहिल्याच पदकाबरोबर आपल्याला मिळाला होता.

आतां एकदम अलीकडे येऊं. २००५ सालापासून झुंजीचे दोन दोन मिनिटांचे तीन खंड करण्यांत आले. तीनांपैकीं दोन खंड जिंकणारा विजयी, आणि प्रत्येक खंडाचा हिशेब स्वतंत्र. पहिल्या खंडांत कोणी पांच गुणांनीं जिंको वा एका गुणानें, दुसरा खंड पुन्हां शून्यापासून सुरू होई. प्रेक्षकाला हें समजण्यास सोपें जाईल अशी कल्पना होती. घडलें उलट. एक गुण हातीं लागला कीं मल्ल तो जपून बसूं लागले. त्याहून विपरीत गोष्ट म्हणजे, खंड शून्य-शून्य असा संपला तर पंच पिशवींतून रंगीत चेंडू काढीत, आणि ज्याचा रंग निघे त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातांत घेऊन झुंज सुरू करण्याची मुभा मिळे. पाय आधींच हातीं आलेला मल्ल बहुधा गुण मिळवी, हें सांगावयास नकोच. वर्षांनुवर्षें जोर-बैठका काढून आलेल्या माणसाचें भवितव्य चेंडूच्या रंगावर अवलंबून राहूं लागलें.

याचें फळ २०१३ सालीं मिळालें. १२ फेब्रुवारी रोजीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानें २०२० च्या ऑलिंपिकच्या मूळ कार्यक्रमांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. प्राचीन ग्रीसच्या ऑलिंपिया क्षेत्रीं जो खेळ खेळला गेला, तोच बाहेर जाणार, या वार्तेनें जगभरच्या आखाड्यांत खळबळ उडाली. आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघाचे अध्यक्ष राफाएल मार्टिनेटी यांना पद सोडावें लागलें, आणि सर्बियाचे नेनाद लालोविच त्यांच्या जागीं आले. मे महिन्यांत मॉस्को येथें महासंघाची खास सभा भरून नियमांची फेररचना झाली. ८ सप्टेंबरला ब्यूनस आयरिस येथें ऑलिंपिक समितीनें मतदान घेतलें, तेव्हां कुस्तीस ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉल यांस २४ आणि स्क्वॉशला २२ मतें पडून कुस्तीचें स्थान राहिलें. केवळ नियम बदलल्यानें एक खेळ वांचला असें म्हणणें धाडसाचें होईल. पण नियम बदलले नसते तर तो वांचणें कठीण होतें, एवढें निश्चित.

नवी रचना अशी आहे. तीन तीन मिनिटांचे दोन खंड, मध्यें तीस सेकंदांची विश्रांति, आणि दोन्ही खंडांचे गुण एकत्र. प्रतिस्पर्ध्याला गादीच्या मर्यादेबाहेर ढकललें तर एक गुण. त्याला खालीं आणून मागून ताबा घेतला तर दोन. त्याची पाठ गादीकडे वळविली तर दोन. उचलून फेंकलें तर चार, आणि तो फेंक फार उंचावरून असेल तर पांच. मुक्त शैलींत दहा गुणांची आघाडी झाली कीं झुंज तेथेंच थांबते. जो मल्ल अंग चोरतो, त्याला आधीं ताकीद मिळते, नंतर तीस सेकंदांची मुदत. मुदतींत कोणीच गुण मिळविला नाहीं, तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यास एक गुण बहाल होतो. गुण सारखे झाले तरी बरोबरी नाहीं. मोठ्या गुणाचे डाव कोणाचे, ताकिदा कोणाला आणि शेवटचा गुण कोणाचा, हें पाहून निकाल लागतो. आणि हें सर्व असूनहि एक जुनी गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे : दोन्ही खांदे टेकले कीं गुणांचा सारा हिशेब पुसला जातो. फलकावर कोणाचे कितीहि गुण असोत, चीत झाला तो हरला.

या रचनेचा अर्थ २०१६ सालीं रिओ येथें साक्षी मलिक हिच्या झुंजींत दिसून आला. ५८ किलो गटांत कांस्यपदकासाठीं किरगिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोवा हिच्याशीं लढतांना ती पहिल्या खंडाअखेर ०-५ अशी मागें होती. जुन्या पद्धतींत ती पुढला खंड शून्यापासून सुरू करती. येथें पांच गुणांचें ओझें डोक्यावर घेऊनच तिला उभें राहावें लागलें, आणि तीन मिनिटांत तें फेडून तिनें झुंज ८-५ अशी जिंकली. यांतला शेवटचा गुण तर प्रतिस्पर्धी पक्षानें पंचांच्या निर्णयास घेतलेली हरकत चित्रफीत पाहून फेटाळली गेली, म्हणून मिळालेला होता. आघाडी घेऊन बसणाऱ्याला आतां स्वस्थता नाहीं, आणि मागें पडलेल्याला निराश होण्याचें कारण नाहीं.

साक्षी त्या झुंजीपर्यंत पोंचली कशी, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. उपांत्यपूर्व फेरींत ती रशियाच्या मल्लाकडून हरली होती. परंतु हरविणारा मल्ल अंतिम फेरीस पोंचला, तर त्याच्याकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठीं पुन्हां दार उघडतें. सोडतींत पहिल्याच फेरींत सर्वांत बलाढ्य मल्लाशीं गांठ पडणें हा दैवाचा भाग झाला; त्या दैवाची भरपाई या नियमानें होते.

यानंतरचा मोठा बदल २०१८ चा. त्यापूर्वीं एका वजनगटाची सारी स्पर्धा एका दिवसांत आटोपे, आणि वजन आदल्या संध्याकाळीं घेतलें जाई. मल्ल उपास करून, घाम काढून, पाणी तोडून वजन खालीं आणीत आणि रात्रभर खाऊनपिऊन तें भरून काढीत. हा प्रकार किती घातक आहे, तें १९९७ सालीं अमेरिकेंत दिसलें होतें. वजन घटविण्याच्या खटाटोपांत तेथील तीन महाविद्यालयीन मल्ल सुमारें पांच आठवड्यांत मृत्यु पावले. म्हणून २०१८ पासून प्रत्येक गटाची स्पर्धा दोन दिवसांवर नेली, आणि दोन्ही दिवशीं सकाळीं वजन घ्यावयाचें ठरलें. हेतु असा कीं, एका रात्रीची कसरत निरुपयोगी व्हावी आणि मल्लानें आपल्या नैसर्गिक वजनाच्या जवळच्या गटांतच खेळावें.

हेतु शहाणपणाचा होता. त्याची कठोरता २०२४ सालीं पॅरिस येथें विनेश फोगट हिच्या वाट्यास आली. ५० किलो गटांत पहिल्याच झुंजींत जपानच्या युई सुसाकीला आणि त्यापुढें आणखी दोघींना हरवून ती एका दिवसांत अंतिम फेरीस पोंचली. ७ ऑगस्टच्या सकाळीं तिचें वजन १०० ग्रॅम अधिक भरलें. नियमाप्रमाणें ती अपात्र ठरली, तिचा क्रमांक शेवटचा लागला, आणि क्रीडा लवाद न्यायालयानें १४ ऑगस्टला तिचा अर्ज फेटाळला. जिंकलेल्या तीन झुंजी कोणी खोट्या म्हटल्या नाहींत; तरी त्यांचें फळ हातीं आलें नाहीं. जो नियम शरीराच्या रक्षणासाठीं केला, त्याचा घाव अखेर शरीर पणाला लावणाऱ्या खेळाडूवरच पडला, याचें दुःख कोणालाहि होईल. पण यावरून नियम चुकीचा ठरतो काय ? माझ्या मतें नाहीं. पहिल्या दिवशींचा विजय कायम ठेवून दुसऱ्या दिवशींच्या चुकीस कांहीं सौम्य शिक्षा असावी, एवढेंच म्हणतां येईल.

वजनगटांची अडचण मराठवाड्यालाहि ठाऊक आहे. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याच्या राहुल आवारे यानें २०१८ सालीं राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो गटांत सुवर्ण आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्य मिळविलें. जागतिक स्पर्धेंत आज मुक्त शैलीचे दहा गट आहेत. ऑलिंपिकमध्यें पुरुषांचे सहाच. ५७ आणि ६५ यांच्यामध्यें ऑलिंपिकला गटच नाहीं. ज्याचें अंग ६१ किलोचें, त्यानें चार किलो झिजावें, नाहीं तर चार किलोंनीं जड प्रतिस्पर्ध्याशीं झुंजावें.

आपल्या राज्यानें या दोन जगांमध्यें पूल बांधण्याचा प्रयत्न केला आहे. १९६१ पासून भरणाऱ्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेंत माती आणि गादी असे दोन विभाग असून दोहोंचे विजेते शेवटीं एकमेकांशीं लढतात. पण दोन्ही पृष्ठभागांत एक मूलभूत भेद आहे : माती पाठीवर पुरावा ठेवते, गादी ठेवीत नाहीं. २०२५ सालीं अहिल्यानगर येथें गादी विभागाच्या अंतिम लढतींत पाठ टेकली कीं नाहीं यावरूनच मोठा वाद माजला. गादी आली कीं तिच्याबरोबर चित्रफितीची सोय, जाणते पंच आणि नियम जाणणारे मल्ल हेहि आले पाहिजेत. नुसती गादी अंथरून भागत नाहीं.

आतां बोरीच्या त्या मुलाकडे पुन्हां वळूं. मातीनें त्याला पकडीचें बळ दिलें आहे, दम दिला आहे, आणि समोरच्याला चीत करावयाचेंच ही ईर्षा दिली आहे. ही शिदोरी आजहि निरुपयोगी नाहीं. कारण चीत करणें हें आजहि सर्वश्रेष्ठ आहे. उणीव आहे ती चपळाईची, सहा मिनिटांच्या हिशेबाची आणि नियमांच्या ज्ञानाची. मोठा होईपर्यंत त्याच्या पायाला गादी लागलीच नाहीं, तर ही उणीव पुढें भरून निघणें कठीण जातें. तालुक्याच्या ठिकाणीं एक गादी आणि नियम समजावून देणारा एक वस्ताद, एवढें झालें तरी पुष्कळ आहे.

आणि शहरांतील सुशिक्षित आईबापांना एकच विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो, कराटे यांपैकीं वजनगटाचा कोणताहि खेळ खेळत असेल, तर स्पर्धेच्या आधीं तिचें किंवा त्याचें पाणी तोडूं देऊं नका. वाढत्या वयाच्या मुलानें वरच्या गटांत खेळून हरावें, पण खालच्या गटांत शिरण्यासाठीं उपाशी राहूं नये. नियम पुढेंहि बदलतील. पोरवयांत खंगलेलें शरीर मात्र कोणत्याहि सभेच्या ठरावानें परत मिळत नाहीं.