साठीनंतरचा कराओके: आधी पट्टी बघा

साठी ओलांडलेल्या पुरुषांनी कराओकेला गाणं निवडताना आवडीच्याही आधी पट्टी बघावी, असं माझं ठाम मत आहे. वयानुसार वरच्या सुरांना दम पुरत नाही, खालचे सूर मात्र बहुतेकांचे शाबूत असतात. म्हणूनच जिम रीव्ह्जचं ‘हील हॅव टू गो’ (१९५९) किंवा जॉनी कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ (१९६३) अनेकांना पेलतं. दोघांचे आवाज मुळातच खर्जाकडचे. एल्व्हिसचं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ (१९६१) तर इतकं संथ आहे की प्रत्येक ओळीनंतर निवांत श्वास घेता येतो.

पट्टी उतरवली की गाण्याचा मूळ रंग जातो, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. ईगल्सच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची चाल डॉन फेल्डरने ई मायनरमध्ये बांधली होती. ती गायक डॉन हेन्लीच्या गळ्याला झेपेना, म्हणून ध्वनिमुद्रण बी मायनरमध्ये झालं. ईगल्सनीच गायकासाठी पट्टी बदलली, तर आपण का संकोचायचं? बहुतेक कराओके यंत्रांवर त्यासाठी बटण असतं. गाण्यातली सर्वांत उंच ओळ आधी म्हणून बघा. गळा ताणला गेला, तर पट्टी अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरवा.