मारिओची मिशी आणि मे महिन्याची आठवण

गणिताची चौकटींची वही घ्यावी. आडव्या सोळा, उभ्या सोळा चौकटी मोजाव्यात. तांबडा, तपकिरी आणि पिवळसर अशा तीनच रंगांनी त्यातल्या काही भरत जाव्यात. टोपी झाली, मिशी उमटली, की चाळिशीतला माणूस लांबूनच ओळखतो : हा मारिओ!

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा व्हिडिओ गेम जपानच्या निन्टेन्डो कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये आणला. आपल्याकडे तो घरोघरी दिसू लागला नव्वदच्या दशकात, आणि तोही बहुतेक वेळा मूळ यंत्राच्या स्वस्त नकलांवर. रत्नागिरीच्या बाजूला त्याचा खरा हंगाम मे महिन्याचा. मुंबईचे चाकरमानी आंब्या-फणसांसाठी गावी येत. त्यातल्या एखाद्याच्या सामानात व्हिडिओ गेम असला की आते-मामे-चुलत भावंडांची टीव्हीपुढे दाटी होई. खेळणारे दोघे, सल्ला देणारे दहा. वीज गेली की सगळे अंगणात. कॅसेट चालेना तर तिच्यात फुंकर मारायची, हा उपचार प्रत्येकाला तोंडपाठ. (खरं तर फुंकरीतल्या ओलाव्याने आतला धातू गंजण्याचीच शक्यता जास्त. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. ताप आपोआप उतरावा आणि श्रेय अंगाऱ्याला मिळावं, तसाच हा प्रकार.)

ती मुलं आता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. त्यांच्यातले काही जण मारिओ काढतात : वहीत, क्रॉस स्टिचच्या कापडावर, मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर. आवडत्या खेळातली, सिनेमातली पात्रं चाहत्यांनी अशी आपल्या हाताने काढावीत, याला जगभर फॅन आर्ट म्हणतात. घरच्यांना मात्र ते पोरकट वाटतं. ‘या वयात हे काय?’ या प्रश्नाचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे बऱ्यापैकी आहे.

आधी त्या मिशीचं. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये. शिगेरू मियामोतो यांना त्याचा चेहरा इतक्या कमी ठिपक्यांत बसवायचा होता की तोंड नीट काढणंच शक्य नव्हतं. म्हणून नाकाखाली मिशी आली. केस टाळायला टोपी आली. १९८५ च्या खेळात तर ढग आणि झुडूप यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच हा काटकसरीचा हिशेब, आणि म्हणूनच हे चित्र लक्षात ठेवायला आणि पुन्हा काढायला सोपं.

अशी चित्रं मेंदूत किती खोल जातात, याचा एक सुंदर प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते आठ वर्षांच्या वयात गेमबॉय या हातातल्या यंत्रावर पोकेमॉन खेळू लागलेली माणसं मोठेपणी तपासली, तेव्हा पोकेमॉनची चित्रं पाहताना त्यांच्या मेंदूच्या दृष्टिकेंद्रातली एक ठरावीक घडी जास्त जागी होत होती. आणि ती सगळ्यांत साधारण एकाच जागी होती. लहानपणी न खेळलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. संशोधकांचा तर्क असा की सगळ्या मुलांनी ती चित्रं सारख्याच छोट्या पडद्यावर, सारख्याच अंतरावरून, तासन्‌तास पाहिली होती. हा निष्कर्ष मारिओला जसाच्या तसा लावणं घाईचं होईल. पण त्या वयातला मेंदू रोज पाहिलेल्या गोष्टींसाठी जागा राखून ठेवतो, एवढं यातून समजतं.

आता आठवणीचं. स्मरणरंजनासाठी इंग्रजीत जो ‘नॉस्टॅल्जिया’ शब्द आहे, तो मुळात एका आजाराचं नाव होतं. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो १६८८ मध्ये आपल्या प्रबंधात घडवला, मायदेशापासून दूर राहून झुरणाऱ्या लोकांसाठी. परक्या मुलखात लढणारे स्विस भाडोत्री सैनिक हे त्या आजाराचं ठरलेलं उदाहरण. रत्नागिरीकरांना त्यासाठी लांब जायला नको. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मायदेश त्याला पुन्हा दिसला नाही. होफरचा शब्द अशा झुरण्यासाठी होता.

पुढे मानसशास्त्राने या ‘आजारा’कडे वेगळ्या नजरेने पाहिलं. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये लोकांकडून अशा आठवणी लिहून घेतल्या. दोन गोष्टी दिसल्या. एक, अशा आठवणी बहुधा मन खिन्न असताना किंवा एकटं वाटताना वर येतात. दोन, त्या आठवणींत माणूस सहसा एकटा नसतो. भोवती जवळची माणसं असतात. आठवण काढून झाल्यावर आपलं कुणीतरी आहे ही जाणीव वाढते, असंही आढळलं.

म्हणजे वहीत मारिओ उतरतो, पण आठवत असतात ती शेजारी दाटीवाटीने बसलेली भावंडं. त्यातली कुणी दुबईला, कुणी विरारला, कुणी आता नाहीच. गावचं घर वर्षातले दहा महिने बंद. हे कागदावर येत नाही, म्हणून घरच्यांना फक्त मिशीवाला बाहुला दिसतो.

हाताने चित्र काढण्याचाही एक फायदा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा ज्यांचं चित्र काढलं ते शब्द लोकांच्या चांगले लक्षात राहिले. चित्र चांगलं असण्याचीही गरज नव्हती. पाहणं, अर्थ लावणं आणि हात हलवणं या तिन्ही गोष्टी एकदम होतात, म्हणून असावं. मात्र हे फोनवर अंगठ्याने रात्री दोनपर्यंत चाललं, तर झोप आणि अंगठा दोन्ही जातात. पाच तास सलग खेळून अंगठा दुखावलेल्या पस्तीस वर्षांच्या बाईची नोंद १९९० मध्येच ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये झाली आहे, ‘निन्टेन्डिनायटिस’ या नावाने.

घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते चित्राकडे नव्हे, चित्रानंतर काय होतं त्याकडे. चित्र मामेभावाला पाठवलं, त्याचा फोन आला, अर्धा तास हसणं झालं, तर ते औषधच. पण ‘तेव्हाच सगळं चांगलं होतं, आता काही उरलं नाही’ हे पालुपद रोजचं झालं, आवडीचं चित्रही हातावेगळं करावंसं वाटेना, भूक-झोप बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. मध्यमवयीन पुरुष असं सहसा बोलून दाखवत नाहीत. चिडचिड किंवा दारू वाढते, आणि घरचे स्वभाव समजून सोडून देतात. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला संकोच वाटत असेल, तर आधी केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. फोन निःशुल्क आहे, कोणत्याही वेळी करता येतो आणि मराठीतून बोलता येतं. रुग्णाच्या वतीने घरच्यांनी केला तरी चालतो.